माळवदावरची माती

वैरागच्या आमच्या घराच्या दाराला कपाळ न आपटलेला पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. चौकट पाच फुटांच्या आतली आणि उंबरा वीतभर उंच. खाली उंबरा बघावा तर वर कपाळमोक्ष, वर बघावं तर पाय अडखळतो. दादी ओसरीत बसून ओरडायची, "झुक के आ रे बाबा, घर सलाम मांगता!" मी दहावीत उंच झालो आणि घराला सलाम करायला विसरू लागलो. त्याची खूण भुवईच्या वर आजही आहे.

आमचं घर माळवदाचं, कुणी त्याला धाब्याचं घर म्हणतात. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे घर समजावून सांगायला नको. या घरावर माझं फार प्रेम आहे. म्हणूनच आज त्याच्या खोडी सांगणार आहे. आधी लहान खोडी, मग एक मोठी.

पहिली खोड अंधाराची. रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नाही. जुन्या काळी चोर-दरोडेखोरांची भीती होती, शिवाय आमच्याकडे पडदा होता. उजेड यायचा तो छतातल्या सवण्यातून. सवणं म्हणजे माळवदाला ठेवलेलं हातभर भोक. दुपारी त्यातून उन्हाचा खांब उतरायचा आणि आम्ही तो सरकेल तशी पाटी सरकवत गृहपाठ करायचो. पाऊस आला की कुणीतरी धावत वर जाऊन सवण्यावर घमेलं पालथं घालायचं. घमेलं घातलं की घरात अंधार आणि चुलीचा धूर कोंडलेला. उघडं ठेवलं तर ताटात पाणी.

दुसरी खोड भिंतींची. दोन-अडीच फूट जाड भिंत, पण साधा खिळा धरत नाही. कॅलेंडर टांगायला खिळा ठोकला की ओंजळभर माती खाली येते. वीज आली तेव्हा वायरमनने वैतागून लाकडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर पट्ट्या मारल्या. तिसरी खोड जिन्याची. तो भिंतीतच कोरलेला, इतका उभा की चढताना गुडघा हनुवटीला लागतो. चौथी पन्हाळीची. आमच्या माळवदाचं पाणी शेजारच्यांच्या दारात पडायचं, त्यावरून दर आषाढात दोन्ही घरांत अबोला आणि दर ईदला शीरखुर्म्याच्या वाटीवर समझोता. फ्रीज घेतला तेव्हा तो दारातून आत जाईना. शेवटी चौकटीची एक बाजू काढली आणि पुन्हा बसवली.

सुखंही याच घराची. एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो. स्लॅबच्या घरात पंखा गरम वारा फेकतो, तेव्हा आमच्या माजघरात दुपारी चादर ओढून झोपता येतं. रात्री सगळी गल्ली माळवदावर. सगळी माळवदं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे बायका रस्त्यावर न उतरता चार घरं पलीकडे सांडगे वाळवायला जायच्या. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र बघायला अख्खा मोहल्ला वर, आणि शेजारचे देशमाने काकाही आमच्याबरोबर बोट दाखवत उभे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे घरातले शब्द मला गप्प बसू देत नाहीत. आमच्याकडे दारातून आत आल्यावर लागते ती ढाळज. हा शब्द फारसी 'दहलीज'वरून आला. उर्दूत दहलीज म्हणजे उंबरा, मराठीत ती पसरून अख्खी खोली झाली. तावदान म्हणजे मुळात 'ताबदान', उजेडाची जागा. दालन, दरवाजा, दिवाणखाना हेही तिकडचेच. उलट उंबरा, कोनाडा, ओसरी, परस हे इथल्या मातीतले. दादी एकाच वाक्यात "ताक में की दिवळी" म्हणायची. घर कुणाच्या धर्माचं, हा प्रश्न या शब्दांना कधी पडलेला दिसत नाही. गल्लीतल्या मराठा, वाणी, माळी, मुसलमान सगळ्यांच्या घरांचा साचा एकच होता, आणि खोडीही त्याच.

आता मोठ्या खोडीकडे येतो. त्यासाठी छत कसं घालतात ते बघावं लागेल. आधी लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठं हे चौरस फुटांत नाही, खणांत सांगायचे. कड्यांवर किलचणाच्या चिपा दाटून बसवायच्या, त्यावर तरवडासारखा पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात ते उगीच नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. जुन्या गावठाणाची पांढरी माती दाबली की घट्ट बसते आणि पाणी सहज झिरपू देत नाही. कोकणात असं सपाट छत एक पावसाळा टिकणार नाही. आपल्याकडे पाऊस त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच, म्हणून हे जमून गेलं.

तरी गळायचंच. उंदीर बिळं करायचे, गवत उगवायचं, त्याची मुळं खाली जायची. झड लागली की घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडलेली असायची आणि प्रत्येकाचा टपटप आवाज वेगळा. मग उपाय एकच. दर वर्षी मृगाच्या आधी गाढवांवरून पांढरी माती आणायची, माळवदावर पसरायची, चोपायची. जुनी माती कुणी काढत नसे, नवी तिच्यावरच पडे. आजोबांनी घातली, अब्बांनी घातली. जास्त माती घालणारा तो काळजीवाहू घरमालक, असा समज होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी आमची भांडी वाजली. मी तेरा वर्षांचा होतो. मला वाटलं मांजर. छतातून माती माझ्या तोंडावर पडली आणि अब्बांनी मला हाताला धरून ओढलं. त्या अंधारात अडसर निघेना. दारात आम्ही सहा जण, चौकट पाच फुटांची, अब्बांचं कपाळ चौकटीवर आपटलेलं मी ऐकलं. बाहेर आलो तेव्हा धरणी शांत झाली होती. आमच्या घराला एक भेग गेली, एवढंच.

वैरागपासून सरळ पूर्वेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर किल्लारी. तिथे काय झालं ते दिवस वर आल्यावर कळत गेलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं ढिगारा झाली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात. जगात याहून मोठे भूकंप कितीतरी होतात आणि इतकी माणसं मरत नाहीत. मग इथेच का?

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिथल्या भिंती दगड-मातीच्या, आपल्यासारख्याच जाड. पण ती एक भिंत नव्हे, दोन भिंती. आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये मुरूम-माती, खडे भरलेले. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड घालायची पद्धत मागे पडली होती. हादरा बसताच बाहेरचा थर बाहेर, आतला आत कोसळला. आणि वर माती. हिशेब करा. १० बाय १५ फुटांच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे ३०० घनफूट. एक घनफूट कोरडी माती पंचेचाळीस किलोच्या आसपास. म्हणजे झोपलेल्या माणसांवर तेरा टनांहून जास्त ओझं. ओली असेल तर आणखी. ज्या घरांत छताचा भार भिंतींवर नव्हता, लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती पडूनही बरेचदा छत उभं राहिलं आणि माणसं वाचली.

हे वाचलं तेव्हा मी बी.एड. करत होतो. मला आठवले ते मातीचे ढीग आणि गाढवं. आम्हाला गळती दिसत होती, कारण ती दर वर्षी त्रास द्यायची. तिचा इलाज करता करता आम्ही डोक्यावर मरण रचत होतो. ते दिसलं नाही, कारण त्याने कधी त्रासच दिला नव्हता. वाईट बांधणाऱ्यांची ही गोष्ट नाही, मन लावून घर सांभाळणाऱ्यांची आहे. म्हणूनच ती मला जास्त लागते.

अब्बा शिकलेले नव्हते, पण किल्लारीला मदतीचं धान्य घेऊन जाऊन आले होते. आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आम्हा भावंडांना फावडी दिली आणि माळवदावर चढवलं. अडीच फूट माती निघाली. वीतभर ठेवली. आमच्या घराला तीन बाजूंनी खांब, पण मागच्या बाजूला तुळया थेट भिंतीत घुसवलेल्या. तिथे त्यांनी बाभळीचे चार खांब उभे केले. लोक हसले, "मियाँ, घर गळंल की!" पुढच्या पावसाळ्यात घर खरंच चाळणीसारखं गळलं. मग अब्बांनी माती पुन्हा बाजूला केली, जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि तेवढीच माती वर पसरली. भूकंपानंतर घरं मजबूत करायचे जे सल्ले छापले गेले त्यांत साधारण हेच होतं, हे मला फार नंतर समजलं.

किल्लारी भागात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार जमिनीवर ठरला: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. घरं पक्की, रस्ते सरळ आणि रुंद. पण ढाळज नाही, परस नाही, बैलाला जागा नाही, भावकी विखुरलेली. लोकांनी कुरकुर केली तेव्हा शहरातल्या काहींना ते कृतघ्न वाटले. मला इजिप्तचे हसन फतही आठवतात. १९४०च्या दशकात त्यांनी गुर्ना गावच्या लोकांसाठी मातीच्या विटांचं, घुमटांचं सुंदर नवं गाव बांधायला घेतलं, आणि बहुतेक गावकऱ्यांनी तिथे जायला नकार दिला. एकीकडे काँक्रीट, दुसरीकडे माती. नडलं ते दोन्हीकडे सारखंच: राहणाऱ्याच्या जगण्याची रीत घराला ठाऊक नव्हती. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या अडचणीच्या नव्या घरांत माणूस रात्री निर्धास्त झोपत होता. सप्टेंबरच्या त्या पहाटेनंतर ही लहान गोष्ट नाही.

अब्बा आता नाहीत. यंदा आमच्या मागच्या भिंतीला पोट आलंय. धाकटा भाऊ म्हणतो, सगळं पाडून स्लॅब टाकू. बहीण म्हणते, एक दगडही हलवू नका. गेल्या रविवारी तिघं बसलो, गवंड्याला बोलावलं. ठरलं ते असं: मागचे दोन खण उतरवायचे, ती भिंत नव्याने, आरपार दगड घालून बांधायची. पुढचे खण, खांब, सवणं राहणार. अब्बांचे बाभळीचे चार खांबही राहणार. त्यांच्यामुळे कपाट भिंतीला लागत नाही आणि अम्मी रोज त्याबद्दल बोलते, तरी राहणार.

वाद झाला तो दारावर. बहिणीला चौकट तशीच हवी होती, दादीची आठवण म्हणून. मी म्हटलं, अम्मी पंचाहत्तरीची आहे, रात्री अंधारात बाहेर पडायची वेळ आली तर? अब्बांच्या कपाळाचा तो आवाज तिनेही ऐकला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कर उंच." चौकट साडेसहा फुटांची होणार.

तुमचं घर माळवदाचं असेल तर एक काम कराच. येत्या रविवारी वर चढा, एक लोखंडी सळई मातीत खुपसा आणि किती आत जाते ते बघा. वितीपेक्षा जास्त गेली तर फावडं आणा.