लष्करी लिलावातील जुना डिझेल जनरेटर : वाहतूक, साफसफाई आणि आवश्यक बदल

ऐन उन्हाळ्यात ठिबकची पाळी असते आणि वीज नसते. कुक्कुटपालन शेडमधील पंखे किंवा दुधाचा चिलर तर तासभरही बंद ठेवता येत नाही. नवा जनरेटर परवडत नाही, म्हणून अनेक शेतकरी लष्कराने निकाली काढलेला जुना संच घेतात. असे साहित्य एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकले जाते आणि पुढे व्यापाऱ्यांमार्फत बाजारात येते. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर असते. त्यामुळे घेतल्यानंतर दोष निघाला, तर तो आपला.

असा संच घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तो बहुधा फार चाललेला नसतो, पण वर्षानुवर्षे उभा असतो. त्यामुळे झीज कमी आणि गंज, गाळ, ओल जास्त असते. आणल्या दिवशीच स्टार्टर मारला, तर चांगले यंत्रही कायमचे बिघडू शकते.

खरेदीपूर्वी पाटी वाचा

- शेतीपंपासाठी ४१५ व्होल्ट, तीन फेज, ५० हर्ट्झ असा संच हवा. चार पोलच्या अल्टरनेटरचा वेग त्यासाठी मिनिटाला १५०० फेरे असतो.
- लष्करात २८ व्होल्ट डीसीचे चार्जिंग संच आणि विशिष्ट उपकरणांसाठी ४०० हर्ट्झचे संचही असतात. बाहेरून ते सारखेच दिसतात, पण पंपाला निरुपयोगी आहेत. वेग बदलूनही ते ५० हर्ट्झचे होत नाहीत.
- मोटार सुरू होताना चालू प्रवाहाच्या सहापट प्रवाह घेऊ शकते. थेट स्टार्टरवरील ५ एचपी मोटारीसाठी साधारण १५ केव्हीए, तर ७.५ एचपीसाठी २० केव्हीए क्षमता धरावी.
- इंजिनाचे फिल्टर, नोझल आणि गॅस्केट तालुक्याच्या बाजारात मिळतात का, हे आधी विचारा.

वाहतूक

- वजन पाटीवरून पाहा, अंदाजाने ठरवू नका. क्रेनची साखळी बेस फ्रेमच्या उचलण्याच्या कड्यांनाच लावा. इंजिनावरील कडी फक्त इंजिनाच्या वजनासाठी असते.
- निघण्यापूर्वी डिझेल काढून घ्या आणि बॅटरीच्या तारा सोडवा.
- ट्रॉलीत वजन चाकांच्या आसावर, किंचित पुढे ठेवा. वजन मागे गेले, तर ट्रॅक्टरचा हूक उचलला जातो आणि मागच्या चाकांची पकड सुटते.
- चारही कोपऱ्यांतून साखळी किंवा रॅचेट पट्टा आवळा. सुंभ किंवा नायलॉन दोरीवर विसंबू नका.
- संच स्वतःच्या चाकांवर असेल, तर त्याची गोल कडी ट्रॅक्टरच्या हुकात नीट बसेलच असे नाही. टायरही उन्हाने तडकलेले असतात. दोरीने टोचन करून आणण्यापेक्षा तो ट्रकवर चढवून आणा.

साफसफाई

१. टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ व पाणी काढा. जुने डिझेल गाळून पुन्हा वापरू नका. डिझेल फिल्टर नवा बसवा.

२. एअर फिल्टर, हवेची नळी आणि सायलेन्सर उघडून पाहा. उंदरांची घरटी हमखास सापडतात.

३. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट, होज आणि फॅनबेल्ट बदला.

४. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडत असेल, तर जोर करू नका, मेकॅनिकला बोलवा.

५. अल्टरनेटरवर पाणी मारू नका. धूळ मऊ ब्रश आणि कोरड्या, कमी दाबाच्या हवेने काढा. व्होल्टेज रेग्युलेटर व डायोड सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग तपासा. वाचन एक मेगाओहमपेक्षा कमी आले, तर वाइंडिंग सुकवून पुन्हा तपासा.

६. सायलेन्सरवरील जुने वेष्टण अॅस्बेस्टॉसचे आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. ते कोरडे घासू नका. रंग ओला करूनच, मास्क लावून घासा. वेष्टणाला शंका असल्यास हात लावू नका.

आवश्यक बदल

- बहुतेक लष्करी संचांचा स्टार्टर २४ व्होल्टचा असतो. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन सारख्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडाव्या लागतात.
- चार पोलचा चेंजओव्हर स्विच बसवणे अनिवार्य समजा. तो नसेल, तर तुमची वीज रोहित्रातून उलट जाऊन ११,००० व्होल्ट होते आणि लाइन बंद समजून खांबावर चढलेला वायरमन मरू शकतो. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला कळवा.
- न्यूट्रल आणि बॉडी यांना वेगवेगळे अर्थिंग द्या.
- धुराची नळी शेडच्या बाहेर काढा. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

पहिल्यांदा चालू करताना

इंधन पंपाची रॅक उभ्या यंत्रात अडकून बसते. अशा वेळी इंजिन बेफाम पळू शकते. म्हणून ती मोकळी हलते का, हे आधी पाहा. हवा आत जाते त्या तोंडावर बसेल अशी सपाट फळी हाताशी ठेवा. इंधन तोडूनही इंजिन थांबले नाही, तर ती फळी तोंडावर दाबा. हात किंवा कापड कधीही लावू नका.

इंधन लाइनमधील एअर काढून इंजिन विनाभार चालवा. ऑइलचा दाब लगेच दिसला नाही, तर बंद करा. व्होल्टेज व हर्ट्झ स्थिर झाल्यावरच पंप जोडा. पुढेही संच क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर तासन्‌तास चालवू नका. न जळलेले डिझेल व काजळी सायलेन्सरमध्ये साचते.

हंगाम संपल्यावरही महिन्यातून एकदा अर्धा तास भारावर चालवा. उभे राहूनच बिघडलेला संच तुम्ही दुरुस्त केला आहे. तो पुन्हा नुसता उभा ठेवू नका.