दिव्याची वात आणि नवे राज्य

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. इतिहासाचा माझा व्यासंग तो काय! पण शिवाजी महाराजांची पत्रे मी पुन्हा पुन्हा वाचते, आणि दर वेळी लढायांपेक्षा त्यांतला दाणागोटाच मनात राहतो.

रायगडावर राज्याभिषेक झाला तो ६ जून १६७४ रोजी. त्यापूर्वी चिपळुणाकडे छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस महाराजांनी एक पत्र धाडले. पावसाळा तोंडाशी आला होता. दाणा-वैरण आज हवी तशी उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी, असे ते बजावतात. मग तुम्ही रयतेला त्रास देऊ लागाल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटी, कोणी भाजी. असे झाले तर उरलेसुरले कुणबीही घरदार सोडून जातील आणि मोगल बरे होते म्हणतील! लागेल ते बाजारात विकत घ्यावे, अशी आज्ञा.

भगिनींनो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. दाणे, भाकर, फाटी, भाजी. पत्रात बाईचा उल्लेख नाही. पण शिपाई घरात शिरला म्हणजे रिकामी होते ती कोणाची चूल? नवे राज्य आपले की परके, हे त्या चुलीपाशीच ठरणार होते आणि महाराजांना ते पुरते ठाऊक होते.

पुढे तर ते थेट आपल्या घरातलेच बोलतात. गवताजवळ चुली पेटवू नका, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका, रात्री दिवा तसाच ठेवून निजू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळून जाईल. माझी आजी निजण्यापूर्वी घरातला दिवा न दिवा शांत करी. आम्ही मुले अंधाराला भिऊन कुरकुरत असू. पत्र प्रथम वाचले तेव्हा मला तिचीच आठवण झाली.

हा राजा नुसता मायाळू होता असे मात्र समजू नये. जानेवारी १६७५ मध्ये पद्मदुर्गाची रसद रखडविणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, त्यांनी असे झाडले आहे की वाचताना आपणच खाली मान घालावी. हबश्याने तुला काही चारले काय, अशी शंकाही बोलून दाखविली आहे.

त्याच प्रभावळीच्या रामाजी अनंत या सुभेदाराला १६७६ मध्ये लिहिलेले पत्र मला सर्वांत प्रिय. गावोगाव हिंड, कुणबी गोळा कर. माणूसबळ असून ज्याच्यापाशी बैल नाही त्याला बैल दे, पोटाला दाणे दे. वाढीदिढी न घेता नुसते मुद्दल, तेही त्याला जमेल तसे, हळूहळू उगव. यापायी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी मान्य आहे, असे महाराज कळवितात.