‘संत तुकाराम’ आणि व्हेनिसचा कौल

मराठी चित्रपटाच्या इतिहासावरील बहुतेक लेखनात एक विधान हटकून आढळते : प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटाची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांत गणना झाली, आणि तेथून त्याची कीर्ती सुरू झाली. या विधानाचे दोन भाग आहेत. एक सन्मानाच्या स्वरूपाविषयीचा, दुसरा कीर्तीच्या उगमाविषयीचा. दोहोंची स्वतंत्रपणे तपासणी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १८९२ साली पेण येथे झाला. पेण व रोहे ही गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तो तेव्हाचा कुलाबा, १९८१ पासूनचा रायगड. दामल्यांची कलासाधना मात्र कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडली. तेथेच मूळ कागलचे शेख फत्तेलाल त्यांचे जन्माचे सहकारी झाले. १९२८ साली या दोघांनी ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. तेथे ध्वनिमुद्रणाची धुरा दामल्यांकडे, तर कलादिग्दर्शनाची फत्तेलालांकडे होती. अर्थात ‘संत तुकाराम’ ही दोन कारागिरांची कृती आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

शिवराम वाशीकर यांच्या पटकथेत चमत्कार भरपूर आहेत. इंद्रायणीत बुडविलेली गाथा परत येते, शेवटी विमान अवतरते. परंतु या चमत्कारांस तोलून धरते ती आवली. मूल आजारी पडताच ती पायातील वहाण घेऊन विठ्ठलावर धावून जाते. नवऱ्याच्या भक्तीपेक्षा चुलीची चिंता तिला अधिक खरी वाटते, आणि वैकुंठास जाण्याचे आमंत्रण मिळूनही ती प्रपंचातच राहते. गौरी यांनी ही भूमिका अभिनयाचा आव न आणता केली. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या विष्णुपंत पागनीस यांचा तुकारामही असाच निराडंबर आहे. केशवराव भोळे यांचे संगीत कथेत विरघळून जाते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर पुष्कळांनी तुकोबांचाच अभंग मानले.

आता व्हेनिसविषयी. १९३७ च्या पाचव्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट विदेशी चित्रपटाचा मुसोलिनी चषक फ्रेंच दिग्दर्शक ज्युलियाँ द्युव्हिव्हिए यांच्या चित्रपटास मिळाला. ज्याँ रेन्वार यांच्या ‘ला ग्राँद इल्युजियाँ’ या कृतीचाही वेगळ्या पारितोषिकाने गौरव झाला. ‘संत तुकारामा’स लाभली ती विशेष शिफारस. तिच्याबरोबर ज्या दोन चित्रपटांची नावे आपल्याकडे घेतली जातात, ते हंगेरी व ऑस्ट्रेलिया या तुलनेने लहान चित्रउद्योगाच्या देशांतील आहेत. यावरून ही शिफारस मुख्य स्पर्धेबाहेरील देशांच्या कौतुकार्थ असावी, असे अनुमान निघते. ते अंतिम नव्हे. तथापि ‘जगातील तीन सर्वोत्कृष्ट’ हे शब्द जपून वापरावेत, एवढे त्यावरून निश्चित ठरते. ‘भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सन्मान’ हा दावाही तसाच जपून करावयास हवा. कारण देवकी बोस यांच्या ‘सीता’ चित्रपटास १९३४ सालीच व्हेनिसमध्ये मानपत्र मिळाले होते.

कीर्तीच्या उगमाचा प्रश्न तिथी-मितींनीच सुटतो. चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात १२ डिसेंबर १९३६ रोजी झळकला व तेथे ५७ आठवडे चालला. व्हेनिसचा महोत्सव ऑगस्ट १९३७ मध्ये भरला. म्हणजे परदेशी परीक्षकांनी चित्रपट पाहिला तेव्हा गिरगावातील प्रेक्षक सुमारे आठ महिने तो पाहतच होता. बाहेरील शिक्क्यामुळे घरचा आदर निर्माण झाला, ही समजूत कालक्रमास धरून नाही. आदर आधी, शिक्का मागून.

हा भेद क्षुल्लक वाटेल; परंतु इतिहासलेखनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. पारितोषिकास कारण मानले की ज्या श्रोत्यांनी कीर्तनाच्या आणि वारीच्या संस्कारातून हा चित्रपट प्रथम ओळखला, त्यांचा निर्णय इतिहासातून गळून पडतो. पुढे कुमार शहानी व गीता कपूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या चित्रपटाचा गंभीर विचार केला. त्यांच्या विवेचनाचा भर पदकावर नसून संतपरंपरा व चित्रभाषा यांच्या नात्यावर आहे, ही गोष्ट सूचक होय.

दामले १९४५ साली निवर्तले, फत्तेलाल १९६४ साली. त्यांच्या पुण्यातील चित्रनगरीत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था नांदत आहे. पेणच्या या सुपुत्राच्या कार्याचे मोल ठरविताना व्हेनिसच्या शिफारशीची नोंद अवश्य करावी. मात्र ती तळटीपेत असावी, शीर्षस्थानी नव्हे. शीर्षस्थानाचा मान ५७ आठवडे तिकीट काढणाऱ्या अनाम प्रेक्षकाचा आहे.