येसरातले झिंगे

लातूरहून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांपलीकडे; नांदेडहून तो आणखी लांब. तरीही या दोन जिल्ह्यांतल्या आठवडी बाजारात सुकटवाल्यांची रांग असतेच. भाजीच्या पालांपासून जरा फटकून, बाजाराच्या एका कडेला. बोंबलांच्या जुड्या, जवळ्याचा फिकट गुलाबी ढीग, एखाद्या डब्यात झाकून ठेवलेले सोडे. गिऱ्हाईक चिमूटभर जवळा उचलतं, बोटांत चुरडतं. कुडकुडीत असला तर घ्यायचा, लवला तर त्याला हवा लागलेली. मग तळहातावर पसरून वाळू किती निघते ते बघायचं आणि त्यानंतर भावावरून हुज्जत.

घरी याचं कालवण होतं. झणझणीत, काळपट लाल. भाकरी चुरून खाता येईल इतकं पातळ, पण ताटात पळत सुटणार नाही इतकं दाट. जुनी माणसं कोरड्यास म्हणतील. हा मूळचा कोकणी पदार्थ, मालाबरोबर घाटावर आला, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. किनाऱ्यावरून आला तो फक्त झिंगा. पातेल्यात त्याच्याभोवती जे असतं त्याचं कूळ निराळं आहे. कालवणाचं कूळ शोधायचं तर त्यात तुकडा कशाचा आहे यापेक्षा रस्सा कशानं दाटलाय हे आधी विचारावं.

झिंग्याचा प्रवास पहिल्यांदा उरकू. जवळा म्हणजे कोळंबीचं पिल्लू नव्हे, ती वेगळी जात. शास्त्रीय नाव अ‍ॅसेटिस इंडिकस. पुरता वाढला तरी दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे बोटाचं एक पेर. मुंबई-पालघरकडचे कोळी तो डोल जाळ्यात धरतात. भरती-ओहोटीच्या ओढीत पिशवीसारखी जाळी बांधून ठेवायची, पाण्यानंच माल आत आणून घालायचा. इतक्या बारक्या जिवाला सोलणं नाही, चिरणं नाही, मीठ चोळणं नाही. उन्हात पसरला की एक-दोन कडक दिवसांत वाळतो. सोड्यांसाठी मात्र कोळंबी एकेक करून सोलावी लागते, म्हणून ते महाग आणि आपल्याकडे पाहुण्यारावळ्यांपुरते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात. सध्या राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदीच असते. त्या दिवसांची बेगमी म्हणून कोकणात जे वाळवून ठेवलं जाई, तेच घाटावर बारमाही जिन्नस झालं. पाणी उडालेला माल वजनाला हलका, वाहायला सोपा आणि महिनोन् महिने टिकणारा.

किनाऱ्याचा माल या मुलखात यायची वाट जुनीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक व्यापारी टिपण पैठणचं आणि तगरचं नाव घेतं. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, लातूरच्या शेजारचं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे गाव असून तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल बाहेर जाते, शिवाय समुद्रकाठच्या प्रदेशांतून तिथे आलेला इतर मालही, असं त्यात लिहिलंय. त्या ‘इतर’ मालात सुकट होती असा दावा मी करणार नाही; मोह होतो एवढंच. अलीकडची वाट आगगाडीची. नांदेड १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मार्गावर आलं आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरला पोचली. एकीची गाठ मनमाडला, दुसरीची कुर्डुवाडीला, म्हणजे दोन्ही मुंबईच्या मोठ्या लोहमार्गाला जोडलेल्या. निजामाच्या राज्यातल्या या गावांना मुंबईचं बंदर एकदम जवळचं झालं.

पण नांदेडला झिंगा ओळखीचा व्हायला मुंबईची गरज नव्हती. गोदावरीचे स्वतःचे झिंगे आहेत आणि ते धरणारा भोई समाजही. नदीतली मोठी जात, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस मचूळ पाणी लागतं. त्यांना मुखाजवळचं पाणी गाठावं लागतं आणि वाढल्यावर प्रवाहाविरुद्ध परत चढावं लागतं. १८५२ मध्ये राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा झाला. विसाव्या शतकात पोचमपाडचं श्रीरामसागर धरण आलं, ज्याचं फुगलेलं पाणी नांदेडच्या हद्दीशी येऊन टेकतं. अशा भिंती आडव्या आल्यावर ही ये-जा तुटणारच. ज्या बारक्या जातींना समुद्राशी देणंघेणं नाही त्या तळ्या-ओढ्यांत तगून राहिल्या. नदीकाठच्या घरांत झिंगा रांधायची रीत अशी घरचीच होती. सुकटीनं ती नदीपासून दूरच्या, उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावांपर्यंत नेली.

आता रस्सा ज्यानं दाटतो तो येसर. कुणी येसूर म्हणतं. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद. त्यात धने, जिरे, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल आणि सुकी मिरची. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, खरपूस भाजायचा, मगच एकत्र कुटायचा किंवा दळायचा. प्रमाण घरागणिक बदलतं आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. लग्नकार्यात येसराची आमटी व्हायची ती चवीसाठी, हे खरं. पण पंगत वाढली की तेवढ्याच डाळीत ती पुरवता येते, हेही तितकंच खरं. येसर हा मसाला आहे आणि धान्यही आहे. गरम मसाल्यासारखी त्याची चिमूट घालून भागत नाही, तो मुठीनं पडतो. मूठभर सुकटीत दहा माणसांचं जेवण भागवायचं असेल तर पाणी वाढवावं लागतं, आणि वाढवलेलं पाणी भाकरीला धरून राहावं यासाठी येसर. कोरडवाहू मुलखाचा हा हिशेब आहे.

भाजण्यात एक खुबी असते. कच्चं पीठ रस्शात टाकलं तर त्याच्या गुठळ्या होतात आणि तोंडात चिकट लागतं. धान्य कोरडं भाजलं की त्यातल्या स्टार्चची ताकद थोडी कमी होते. ते दाटवतं कमी, पण सुवास देतं, आणि रस्सा खळीसारखा न होता रवाळ राहतो. डाळीनं त्याला अंग येतं. म्हणून चांगल्या येसराचा रस्सा चमच्याला चिकटून बसत नाही. थोडा वेळ ठेवला तर तळाशी साका बसतो आणि वर तेलाचा तवंग येतो. वाढताना पळी तळापासून फिरवायची असते.

अगदी हाच खटाटोप जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या लुइझियानात, क्रिओल स्वयंपाकात चालतो. तिथल्या गंबो नावाच्या कालवणात झिंगे असतात आणि रस्सा दाटवायला मैदा तेलात किंवा लोण्यात परततात, काही घरी पार चॉकलेटी होईपर्यंत. आपल्याकडे भाजणं कोरडं, तिकडे स्निग्धात. पण पीठ जितकं काळं तितका दाटपणा कमी आणि वास खमंग, हा नियम दोन्हीकडे एकच. मैदा परतणं फ्रेंचांचं. भेंडीच्या बुळबुळीतपणानं रस्सा बांधायची रीत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची. सॅसाफ्रास झाडाच्या पाल्याची पूड तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची. टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी घालून जो तिखट क्रिओल झिंगा करतात तो याच घराण्यातला. सुकटही त्यांना परकी नाही: बॅराटारिया उपसागरात खांबांवर वसलेल्या मनिला व्हिलेजमध्ये फिलिपिनो आणि चिनी कामकरी लाकडी फलाटांवर झिंगे वाळवत आणि टरफल सुटावं म्हणून गोल फिरत ते पायांनी तुडवत. १९६५ च्या बेट्सी चक्रीवादळात ती वस्ती गेली. तिसरी तऱ्हा मॉरिशसची. १८३४ पासून तिकडे मजूर म्हणून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी कुटुंबंही होती. रुगाय नावाचं तिथलं क्रिओल कालवण फक्त टोमॅटो आटवून दाट होतं. त्यात पीठ पडत नाही. 

साम्य मात्र बेतानंच ताणावं. लुइझियानाच्या पातेल्यात जी सरमिसळ झाली ती गुलामीच्या जहाजांमुळे झाली. आपल्या पातेल्यातली बरीचशी बाजारातून आली. पण आली मात्र तितक्याच लांबून. मिरची अमेरिकेची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हातून गोव्यात उतरलेली. त्याआधी तिखटपणाला मिरी आणि पिंपळी. आज नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद लाल मिरचीच्या बाजाराचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिला कोणी पाहुणी म्हणेल का? कुटाचा शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. ज्वारी मूळची आफ्रिकेची, पण हजारो वर्षांपूर्वी इथे रुळलेली. तीच ज्वारी आफ्रिकेतून अमेरिकेतही गेली आणि १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो होऊन रेशनवरून मराठवाड्यात परत आली. ती खाल्लेली माणसं तिच्याबद्दल अजून चांगलं बोलत नाहीत.

इथल्या पातेल्याची खास ओळख म्हणजे आंबटपणा. कोकणात माशाला आमसूल, इथे चिंच. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्ती कोथिंबिरीलाही. लातूरच्या या तिन्ही गोष्टी एका कालवणात सहज नांदतील. नांदेडची तेलंगणाकडची बाजू आली की चिंचेची जागा अंबाडी घेऊ लागते. पलीकडे अंबाडीत सुके झिंगे घालून शिजवणं नेहमीचं आहे.

एक गोष्ट पाककृतीच्या पुस्तकांत फारशी येत नाही. सुकट हे गरिबाचं, आणि मराठवाड्यात बव्हंशी गावकुसाबाहेरच्या घरांचं अन्न मानलं गेलं. गळ्यात माळ असलेल्या वारकऱ्यांच्या आणि लिंगायतांच्या गावांत तिचा वास हीच जातीची खूण ठरे. ती खाणारी बाकीची घरंही परसात वेगळी चूल मांडून, वेगळ्या तव्यावर भाजत. आजही गॅस असताना सुकटीसाठी अंगणात तीन दगड मांडणारी घरं आहेत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची सविस्तर नोंद केली, तेव्हा कुठे हा चुलीमागचा इतिहास छापील पानावर आला. येसराची मूठ कुणासाठी चव होती आणि कुणासाठी पोटभरू, हा फरक तो स्वयंपाक वाचल्याशिवाय कळत नाही.

करायचं कसं? वाटीभर जवळा निवडून कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजावा. वास उग्रपणा सोडून खमंग झाला की उतरवून सुपात चोळावा. मिशा, डोकी, वाळू निघून जाते. मग दोन पाण्यांतून झटकन धुऊन पिळून ठेवावा. भिजत घालू नये, सगळी चव पाण्यात जाते. तेल जरा सढळ. त्यात दोन मोठे कांदे बारीक चिरून लालसर होईतो परतावेत, ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या, हळद, काळं तिखट. जवळा त्यात घालून तेलात दोन मिनिटं फिरवावा. येसर तीन मोठे चमचे घ्यावा, पण थेट पातेल्यात टाकू नये. थंड पाण्यात कालवून ओतावा, गुठळी होत नाही. वरून तीन-चार वाट्या कढत पाणी, चिंचेचा कोळ, मीठ चाखून, कारण सुकटीत समुद्राचं थोडं मीठ असतंच. तवंग वर येईपर्यंत उकळू द्यावं. टोमॅटो आता बरेच जण घालतात. मला तो इथे नको वाटतो, चिंचेपुढे गोडूस पडतो. आणि येसरात मिरची आधीच आहे हे विसरून तिखटाचा हात सोडला, तर पाव्हणा घरात थांबणार नाही.

गेल्या काही वर्षांत लातूर-नांदेडच्या दुकानांत बर्फातला ताजा झिंगा मिळू लागला आहे. तो बहुतेक करून वनामी, तळ्यांत वाढवलेला. त्याचं मूळ घर अमेरिका खंडाचा प्रशांत महासागराकडचा किनारा. भारतात त्याच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आंध्रानं तो व्यवसाय उचलून धरला. म्हणजे मिरचीच्या पाठोपाठ झिंगाही अमेरिकेचाच झाला. या झिंग्याला सुकटीची कृती लावली तर फसते. सुकटीला उकळी हवी असते. ताजा झिंगा पाच मिनिटांपुढे शिजला की रबर होतो. तेव्हा येसराचा रस्सा आधी पुरता उकळून घ्यावा, येसर निम्मा करावा, कारण या झिंग्यांना वाढवायचं नसतं, आणि सोललेले झिंगे अगदी शेवटी सोडून पातेलं उतरवावं.