भुकेल्या देशाचं अंतराळयान

चित्रकथेतला नायक अंतराळात कशासाठी जातो? बहुतेक वेळा एखादा दुष्ट सम्राट पृथ्वी गिळंकृत करायला निघालेला असतो, म्हणून. नाहीतर कुणा सुंदरीला पळवून नेलेलं असतं, म्हणून. पण १४ एप्रिल १९५० रोजी ब्रिटनमध्ये ‘ईगल’ या मुलांच्या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला आणि त्याच्या मुखपृष्ठावरच एका नायकाची कथा सुरू झाली. हा नायक निघाला होता अन्नाच्या शोधात. त्याचं नाव कर्नल डॅन डेअर. ग्रहाग्रहांवरच्या अशा साहसकथांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. त्या प्रकारातली ही अतिशय गाजलेली ब्रिटिश चित्रकथा.

कथेचा काळ होता तेव्हाच्या भविष्यातला, म्हणजे १९९०च्या दशकातला. पृथ्वीवर खाणारी तोंडं वाढली आहेत, अन्न पुरत नाही. शुक्रावर काही पिकतं का, हे बघायला यानं पाठवावीत, तर ती तिथं पोचण्याआधीच स्फोट होऊन नष्ट होतात. डॅनच्या लक्षात येतं, की घात होतोय तो यानांच्या अत्याधुनिक इंजिनांमुळे. तेव्हा तो जुन्या धाटणीची रॉकेटं घेऊन जायचं ठरवतो.

आज हे वाचताना कल्पनेची भरारी वाटते. त्या वेळच्या मुलांना मात्र ती घरातलीच गोष्ट वाटली असणार. महायुद्ध १९४५ मध्ये संपलं, ब्रिटन जिंकलं, पण रेशन काही संपलं नाही. युद्धाच्या काळात कधी रेशनवर नसलेला पावदेखील जुलै १९४६ ते जुलै १९४८ अशी दोन वर्षं रेशनवर आला. ‘ईगल’ निघालं तेव्हा त्याच्या वाचकांना गोळ्या-चॉकलेटंसुद्धा मोजून मिळत होती. ती मोकळी झाली १९५३ मध्ये. मांसावरचं नियंत्रण उठून रेशन पूर्ण संपायला जुलै १९५४ उजाडलं. रांगेत उभं राहून वाणसामान आणणाऱ्या आईच्या मुलाला, अन्नासाठी शुक्रावर जाणारा माणूस पटायला वेळ लागत नाही. रेशनकार्डाची ओळख असलेल्या आपल्या वाचकांनाही ते वेगळं सांगायला नको.

ही कथा रचली आणि चितारली फ्रँक हॅम्पसन यांनी. जन्म १९१८, मँचेस्टरजवळचा. पोरवयात टपाल खात्यात तारा वाटण्याचं काम केलं, पुढं कलाशाळेत गेले, युद्धात सैन्यात होते. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात असताना त्यांनी जर्मनांची ‘व्ही-२’ रॉकेटं पाहिली. ती आली होती माणसं मारायला. पण माणूस अंतराळात जाईल तो याच वाटेनं, असा विचार या चित्रकाराच्या मनात आला. पहिला स्पुटनिक आकाशात गेला १९५७ मध्ये. डॅन डेअर त्याच्या सात वर्षं आधी शुक्रावर उतरला होता.

‘ईगल’चे संपादक होते साउथपोर्टचे एक पाद्री, रेव्हरंड मार्कस मॉरिस. अमेरिकेतून येणाऱ्या भयकथांची चित्रं पाहून ते अस्वस्थ झाले होते. त्यावर वृत्तपत्रात लेख लिहून ते थांबले नाहीत. त्याहून सरस अंक काढून दाखवायचं त्यांनी ठरवलं. सुरुवातीला डॅन डेअरही धर्मगुरूच व्हायचा होता. नंतर तो वैमानिक झाला, पण शब्द पाळणारा आणि शत्रूशीही नीतीनं वागणारा हा स्वभाव त्याच्यात राहिलाच.

आता चित्रांबद्दल. साउथपोर्टमधल्या एका जुन्या बेकरीत हॅम्पसन यांचा स्टुडिओ सुरू झाला. आठवड्याला दोन रंगीत पानं, एवढंच काम. पण त्यासाठी सगळी मंडळी राबत असत. आधी हॅम्पसन संपूर्ण पानाचं कच्चं रेखाटन करत. मग सहायक चित्रकार पोशाख चढवून त्या त्या पवित्र्यात उभे राहत आणि त्यांचे फोटो काढले जात. यानांच्या प्रतिकृती तयार केल्या जात, म्हणजे यान कुठल्याही बाजूनं दाखवलं तरी चुकायला नको. अंतराळदलाचे प्रमुख सर ह्यूबर्ट गेस्ट यांचा चेहरा हॅम्पसन यांच्या वडिलांवरून घेतला होता. प्रोफेसर पीबॉडी या शास्त्रज्ञ बाईंसाठी सहायक चित्रकार ग्रेटा टॉमलिन्सन उभ्या राहत. पहिले काही महिने विज्ञानाचे सल्लागार होते आर्थर सी. क्लार्क.

या मेहनतीचं फळ पानावर दिसतं. यानाचा दरवाजा कुठं आहे, शिडी कशी खाली येते, प्रकाश कुठून पडतो, हे सगळं प्रत्येक चौकटीत जुळतं. म्हणून मग त्याच चौकटींत हिरव्या कातडीचा, अवाढव्य डोक्याचा, तरंगत्या आसनावर बसलेला मेकॉन आला, की त्याच्यावरही विश्वास बसतो. हा मेकॉन शुक्रावरच्या ट्रीन लोकांचा सत्ताधीश. त्याच्याकडे बुद्धी आहे, दया नाही. नुकताच हुकूमशाहीशी लढून आलेला देश त्याला ओळखायला चुकला नसेल.

पहिल्या अंकाच्या सुमारे नऊ लाख प्रती खपल्या. १९५१ पासून रेडिओ लक्झेंबर्गवर डॅन डेअरची श्रुतिकामालिका लागू लागली. खेळण्यातल्या बंदुका, घड्याळं, अगदी टूथपेस्टवरही त्याचं नाव आलं. यातला वाटा हॅम्पसन यांना मिळाला नाही. पात्रांचे हक्क करारानं प्रकाशकाकडे गेले होते आणि कथा रचणारा माणूस पगारी चित्रकार होता. १९५९ मध्ये प्रकाशनसंस्था विकली गेली. नव्या मालकांना ही खर्चिक पद्धत नको होती. त्याच वर्षी हॅम्पसन डॅन डेअरपासून दूर झाले. पुढं दुसऱ्या चित्रकारांच्या हातून यानं आणि पोशाख नव्यानं बेतले गेले.

‘ईगल’ १९६९ मध्ये बंद पडलं. डॅन डेअर मात्र १९७७ मध्ये दुसऱ्या साप्ताहिकातून परत आला. तो परत आणण्याचा हक्क त्याच्या निर्मात्याकडे नव्हता. त्याआधी, १९७५ मध्ये, इटलीतल्या लुक्का इथल्या महोत्सवात युद्धोत्तर काळातला सर्वश्रेष्ठ चित्रकथाकार म्हणून हॅम्पसन यांचा गौरव झाला होता. तेव्हा ते एका महाविद्यालयात तंत्रज्ञाची नोकरी करत होते. १९८५ मध्ये त्यांचं निधन झालं.

चित्रकथा हे पोरांचं वाचन म्हणून आपण ती वाचून रद्दीत टाकतो आणि पात्राचं नाव तेवढं लक्षात ठेवतो. रेशनच्या दिवसांत एका देशाच्या मुलांना ज्यानं शुक्राची वाट दाखवली, त्या माणसाचं नावही लक्षात ठेवायला हवं : फ्रँक हॅम्पसन.