वैमानिक वेलिंगकर

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. ती गेली शिपाई म्हणून, खेचरवाले म्हणून, हमाल म्हणून. लढाऊ फौजेतील अधिकारपदे गोऱ्यांसाठी राखलेली होती. १९१७ साली हे दार किंचित किलकिले झाले आणि चार हिंदी तरुण ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल सेन आणि चौथे आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर.

वेलिंगकरांचा जन्म १८९४ चा. शिक्षण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात. पुढे ते फ्रान्सच्या आघाडीवर २३ व्या तुकडीत दाखल झाले. त्यांचे 'डॉल्फिन' हे एकट्याने चालवायचे लढाऊ विमान. लाकडाचा सांगाडा, वर कापड. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे चहूकडे नजर टाकता येई. पण उतरताना विमान उलटले तर मानेवरच बेतायचे. हवाई छत्री ब्रिटिश वैमानिकांना दिलेलीच नसे. २७ जून १९१८ रोजी वेलिंगकरांचे विमान पाडले गेले. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि ३० जूनला वारले. तीन आठवड्यांनी रॉयही पडले. वेलिंगकरांची कबर फ्रान्समध्ये हांगार येथे आहे.

आता याच सालची दुसरी गोष्ट पाहा. आपले शहर तेव्हा औरंगाबाद, निजामाच्या राज्यातले. त्या निजामाने ११० व्या तुकडीला बाँबफेकी विमाने देणगी दिली. तुकडीस 'हैदराबाद' हे नाव मिळाले आणि सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्सला गेली. ज्या संस्थानचे हे वैभव, त्याच्या तिजोरीत मराठवाड्यातील कुणब्याचा साराही पडत होता. त्या पैशाचा रंग कोणी विचारला नाही. माणसाचा मात्र विचारला गेला.

युद्धाचा गौरव करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. कामगार चळवळीत आम्ही हेच शिकलो की, काम येते की नाही हा प्रश्न बहुधा सबब असतो. खरा प्रश्न असतो काम करू देण्याचा. चौघांनी १९१८ पर्यंत उत्तर दिले होते, तरी हिंदी हवाई दल स्थापन व्हायला ८ ऑक्टोबर १९३२ उजाडावा लागला. ती चौदा वर्षे सरकारने घेतली. वेलिंगकरांनी आपला हिशेब केव्हाच चुकता केला होता.