डायलिसिस आणि रुग्णशिक्षण : सोलापूरच्या संदर्भात

डायलिसिसचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये, कांपेन येथे, विलेम कोल्फ याने १९४३ साली सेलोफेनच्या नळ्यांतून रोग्याचे रक्त फिरविले. त्याचे पहिले बहुतेक रोगी दगावले. त्यांना काही शिकविण्याचा प्रश्नच नव्हता. १९६० साली सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर याने रोग्याच्या हातातील धमनी व नीला यांत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसविल्या, आणि क्लाइड शील्ड्स हा विमान-कारखान्यातील यंत्रकामगार त्यानंतर अकरा वर्षे जगला. दोन उपचारांमधले दिवस आता रोग्याच्याच स्वाधीन झाले. १९६४च्या सुमारास घरी डायलिसिस करण्याची पद्धत निघाली, तेव्हा तर रोग्याला व त्याच्या आप्तांना रीतसर शिकविणे भागच पडले. आमच्या मते हे वळण यंत्राच्या शोधाइतकेच महत्त्वाचे होय.

२ जुलै २०१२ रोजी राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. या योजनेमुळे डायलिसिस गरिबाच्या आवाक्यात आले. परंतु यंत्रमाग-कामगार किंवा विडी वळणारी स्त्री यंत्रापाशी पोहोचली, म्हणजे उपचार पोहोचला असे होत नाही. घरची भाषा कोणाची तेलुगू, कोणाची कन्नड, कोणाची उर्दू. अशा ठिकाणी ‘पोटॅशियम कमी घ्या’ हे छापील मराठी वाक्य व्यर्थ ठरते. शेंगाची चटणी आवरती घ्या, पालेभाजी उकळून ते पाणी टाकून द्या, असेच सांगावयास हवे. कारण रक्तातील पोटॅशियम वाढले तर हृदय थांबू शकते.

पाण्याचेही तसेच. लघवी बंद झालेल्या रोग्याच्या अंगात लिटरभर पाणी राहिले की वजन किलोभर वाढते. पण वैशाखात मागापाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘पाणी पिऊ नका’ म्हणणे हे शिक्षण नव्हे. तहान मिठाने वाढते. तेव्हा आधी लोणचे व पापड सोडवावे.

१९६६ साली ब्रेशिया व सिमिनो यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने धमनी व नीला जोडून केलेला फिस्टुला हातात असेल, तर तेथील थरथर रोज बोटांनी पाहावी लागते. यंत्राची चाल हाताने ओळखणाऱ्या कामगारास हे शिकविणे मुळीच अवघड नाही. त्या हाताने ओझे उचलू नये, त्यात घट्ट बांगड्या घालू नयेत, हेही सांगावे; आणि स्वयंपाक सुनेच्या हाती असेल, तर आहाराचा पाठ तिलाच, तिच्या भाषेत द्यावा.